टाचेच्या गाद्या

मी टाइल्सचा धंदा करतो. समोरचा माणूस काय बोलतोय यापेक्षा काय लपवतोय हे बघायची सवय आहे. त्यामुळे भुताखेताच्या, चमत्काराच्या गोष्टी मला कुणी सांगू नयेत, असं माझं कालपरवापर्यंत मत होतं. तरीही हे लिहितोय, कारण एका बाईचं कौतुक माझ्या डोक्यातून जात नाही.

मी मूळचा सांगलीकडचा. बावीस वर्षं चंदीगडला, दुकान झिरकपूरला. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, इथे डॉक्टर. गेल्या वर्षी त्यांच्या ग्रुपबरोबर शिमल्यापर्यंत चालत निघालो. पहिल्याच दिवशी टाच गेली... बॅग खेचरावर टाकली, संध्याकाळी घरी. तेव्हापासून गणपतीत, हळदीकुंकवात, कुठेही दाजी सुरू – "आमचे शेठ! त्यांचं खेचर खूप छान चालतं हां!" सगळे हसतात. बहीणसुद्धा.

म्हणून यंदा एकटा निघालो. स्वतःचं ओझं स्वतःच्या पाठीवर. टाचेसाठी खास मापाच्या गाद्या करून घेतल्या होत्या – त्या बुटात नसतील तर तासाभरात टाच दुखायला लागते.

पहाटे सहाला चंदीगडचा सुखना तलाव सोडला. नेपलीचं जंगल ओलांडून पुढे एक ओढा लागला, त्यात घसरलो. बूट भिजले. गाद्या काढून दगडावर वाळत घातल्या. तेवढ्यात मागून एक म्हातारी आली. अनवाणी. डोक्यावर गवताचा केवढा तरी भारा. पण मान अशी स्थिर, की वर पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता. तसं चालणं मी आजवर पाहिलेलं नाही.

माझी बॅग बघून थांबली. स्टीलचा डबा, दुर्बीण, बुटांचा दुसरा जोड...

"ये सब रात को खाएगा क्या?"

माझं डोकं फिरलं. "आपको क्या करना है? आप अपना रास्ता नापो!"

"चिल्लाता क्यों है? बूढ़ी हूँ, बहरी नहीं."

मग मीच नरमलो. म्हटलं, माई, थोडं सामान तुम्ही घ्या ना, जे म्हणाल ते देतो. ती हसली. "मेरे सिर पर जगह दिखती है तुझे?" आणि गेली. मी मागे जवळजवळ पळालो. दोन वळणांनंतर दिसलीच नाही.

परत येऊन रागारागाने नको ते सगळं लुंगीत कोंबलं, त्या दुसऱ्या बुटांच्या नारिंगी नाडीने गाठोडं बांधलं, बाभळीखाली ठेवलं – ज्याला लागेल तो नेईल. तेव्हा अकरा वाजून गेले होते.

गाद्याही त्यातच गेल्या, हे कळलं तेव्हा मी पार पुढे आलो होतो. टाच पेटली होती. मागे फिरणं शक्य नव्हतं. कालक्याच्या अलीकडच्या धर्मशाळेत ऊन असतानाच लंगडत पोहोचलो, आणि घरी फोन करायला मोबाइल काढला. गाडी पाठव म्हणणार होतो. दाजींचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

ओसरीवर माझं गाठोडं होतं.

तीच लुंगी. तीच नारिंगी नाडी, माझीच दुहेरी गाठ. आत गाद्या – कोरड्या ठणठणीत.

तिथल्या पंडितजींना विचारलं, हे कोणी आणलं?

"एक माई रख गई. घास वाली. बोली, शाम को एक ग़ुस्से वाला आएगा."

"कितने बजे?"

"सुबह जी. छह बजे. मैं झाड़ू लगा रहा था."

मी वकिलासारखं उलटसुलट विचारलं. आवाजही चढवला. पंडितजी शांतपणे म्हणाले, "हाँ जी, आप ही हो." सहा वाजता तर ते सामान सुखनाच्या काठावर माझ्या पाठीवर होतं!

फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी गाद्या घालून निघालो, सातव्या दिवशी शिमल्याला पोहोचलो. वाटेत गवत नेणारी प्रत्येक बाई निरखून पाहिली. तसं कुणी चालत नव्हतं.

यंदाच्या गणपतीत मी फोटो दाखवले, दाजींनी ते सगळे पाहिले आणि विचारलं, "सगळं सामान स्वतः वाहिलंत?"

वर्षभर याच प्रश्नाची वाट बघितली होती. आणि मला हो म्हणता आलं नाही.

"पहिल्या दिवशी नाही," म्हणालो. सगळे हसले. या वेळी राग आला नाही.