टेलरकाकांचा डावा हात

बाईंना आपल्या दिराची शिसारी यायची, आणि ती त्या लपवतही नसत. संगीतवर्ग त्याच्या नावावर, पाटीवर त्याचा दात काढून हसणारा फोटो, आणि शिकवायला बाई. स्वतः पठ्ठ्याला कीबोर्डवर सा कुठे आहे ते सापडायचं नाही.

सहा वर्षांच्या चिमुरडीपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत प्रत्येकाला बाई वेगळं बसवून शिकवत. गाणं एकच असलं तरी वही ज्याची त्याची. आखूड बोटांच्या मुलीला जवळजवळचे सूर, अक्षरं न लागणाऱ्या पोराला रंगीत ठिपके, चटकन चिडणाऱ्या नर्सला दोनच ओळी, पण रोज. दीर हेच ‘आमची खास पद्धत’ म्हणून लोकांच्या गळ्यात मारायचा.

टेलरकाकांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला होता. आयुष्यभर कात्री धरलेला तो हात आता उचलून मांडीवर ठेवावा लागे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “बाई, मला एक गाणं वाजवायचंय. घरी बायको मला भरवते, माझी बटणं लावते. एकदा तिने नुसतं बसावं आणि मी काहीतरी करावं.”

बाईंनी ते गाणं नुसत्या डाव्या हातासाठी नव्याने लिहिलं. हात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायला काकांना वेळ लागे. तो थांबाही बाईंनी वहीत लिहून टाकला, म्हणजे ती चूक वाटायला नको. आठ महिने लागले, पण गाणं बसलं.

मग वर्गाचा वार्षिक कार्यक्रम ठरला. दीर लाडात येऊन म्हणाला, “वहिनी, सगळ्यांची गाणी तुम्हीच वाजवून रेकॉर्ड करून ठेवा. कोणाचं अडलंच, तर मागून लावू.”

“टेलरकाकांचं लावायचं नाही.”

“छे हो! शब्द देतो.”

त्या माणसाचा शब्द! तरीही बाईंनी बसून यादीतली पंधरा गाणी एका दमात उरकली. काकांचं गाणंही त्यांनी हातासरशी वाजवून टाकलं, आणि तेही सवयीने, दोन्ही हातांनी. लागणार कुठे होतं ते?

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. काका स्टेजवर बसले, डावा हात ठेवला, आणि स्पीकरमधून भरगच्च, दोन हातांचं गाणं सुरू झालं. दिराने सगळेच कीबोर्ड बंद करून ठेवले होते. काकांनी दचकून हात उचलला, तरी गाणं चालूच राहिलं. मागच्या रांगांना काही दिसलं नाही. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

“लोकांना चुका ऐकायच्या नसतात, वहिनी,” दीर कुजबुजला. बाई त्याच्या अत्तराच्या वासापासून मागे सरकल्या. पण खरी किळस आली ती स्वतःच्या दहा बोटांची. स्पीकरमधून तीच वाजत होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून काकांची बायको धडपडत स्टेजवर आली. तिने नवऱ्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. “चालला हो! मला ऐकू आलं ना, दोन्ही हात चालले!” ती रडत होती, हसत होती. मग तिने तो हात दाबून पाहिला, हलवून पाहिला. तो तसाच लुळा होता.

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी दिराला बाजूला ढकलून रेकॉर्डिंगची वायर उपटली, कीबोर्ड चालू केला आणि त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, “ते मी वाजवलेलं होतं. काका, आता तुम्ही वाजवा.”

काकांनी पट्ट्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिच्या मुठीत अजून तो मेलेला हात होता.

“नको, बाई,” ते हळूच म्हणाले. “आता माझं तिला कमीच वाटेल.”