ओरिजिनल घरी ठेवा म्हणणारे

माझ्या मैत्रिणीच्या वडिलांवर अन्याय झाला तो २००६ च्या मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी, जर्मनीच्या सीमेवरच्या केल स्टेशनवर थांबलेल्या गाडीत. तो जर्मन पोलिसांनी केला नाही. आपल्यातल्याच एकाने केला आणि मी समोर बसले होते.

काका हायडेलबर्गला आले होते ते मुलीची पीएचडीची शेवटची परीक्षा बघायला. ती जुलैत. निवृत्त राजपत्रित अधिकारी. लोकांच्या झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’ म्हणून सह्या करण्यात हयात गेलेली. फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला आयटीत असलेले आमच्या मराठी मंडळातले एक दादा म्हणाले, चला, फ्रान्स दाखवतो एका दिवसात. पाचजणांचं एक वीकेंड तिकीट: दादा, वहिनी, काका, मैत्रीण आणि मी.

आदल्या दिवशी मैत्रिणीने पासपोर्टचं विचारलं. दादा फोनवर हसले. बॉर्डर आता नावाला उरलीय, कुणी बघत नाही; म्हाताऱ्या माणसाच्या हाती ओरिजिनल देऊ नकोस, हरवला तर कॉन्सुलेटच्या खेपा घालशील, झेरॉक्स पुरे. काकांना हे पटणारच होतं. त्यांची झेरॉक्स साधी नव्हती, नगरहून साक्षांकित करून आणलेली होती, जांभळ्या गोल शिक्क्याची. आम्हा दोघी विद्यार्थिनींचे पासपोर्ट कायम सॅकमध्येच असत, म्हणून आम्हाला पुढचा विचारच सुचला नाही.

फ्रान्समधल्या श्ट्रासबुर्गहून परतताना केलला पोलीस डब्यात चढला. काकांनी घडी उलगडली आणि शिक्क्यावर बोट ठेवून कागद पुढे केला. पोलिसाने ओरिजिनल मागितला, शांतपणे. मग तो दादांकडे वळला. दादांनी जॅकेटच्या आतल्या खिशातून दोन पासपोर्ट काढूनच ठेवले होते, आपला आणि वहिनींचा. ओरिजिनल. हे गृहस्थ तुमच्याबरोबर आहेत का, पोलिसाने विचारलं.

“नाइन,” दादा जर्मनमध्ये ‘नाही’ म्हणाले. “ते वेगळे आलेत.”

ज्या तिकिटावर काका पाचवे होते, ते त्याच खिशात होतं. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आम्ही तिघं उतरलो, गाडी दादांना घेऊन गेली. चौकीत पोलिसाने काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं. बऱ्याच वेळाने कॉम्प्युटरवर व्हिसा सापडला आणि सोडलं. काका तोवर त्या कागदाची घडी घालत होते, उलगडत होते. एवढंच म्हणाले, “त्यांनी मला ओळखलं नाही का गं?”

मंडळाच्या पुढच्या बैठकीत दादांनी हा किस्सा करून सांगितला. काकांनी फ्रान्सच्या बॉर्डरवर नगरचा शिक्का दाखवला म्हणे. लोक हसले. मी उठून ‘नाइन’चं विचारलं, तर म्हणाले, “आल्झो, असं बघ, सगळ्याचं हँडबिल करायची सवय लागलीय तुला.” लागलीय. हे घ्या.

काका त्यानंतर घराबाहेर पडले नाहीत. जूनमध्येच तिकीट बदलून परत गेले. मुलगी डॉक्टर झाली ते त्यांनी फोनवर ऐकलं.

तुम्हीही सहली काढता. कुणाच्या आईवडिलांना सीमेपलीकडे नेणार असाल, तर आधी त्यांचा ओरिजिनल पासपोर्ट त्यांच्या खिशात आहे का ते बघा. आणि पोलिसाने विचारलं, हे तुमच्याबरोबर आहेत का, तर ‘हो’ म्हणा. जर्मनमध्ये जमत नसेल तर मराठीत म्हणा, पण म्हणा.