दुसऱ्याच्या मशीनवर

तुकडेकाकांना खुर्चीत बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी हा माणूस कायम उभा. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत त्यांनी कॉम्प्युटर मांडला तोही काकूंच्या इस्त्रीच्या टेबलावर, कारण तिथे उभ्याने टाइप करता यायचं. दोन ओळी टाइप केल्या की गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून पुन्हा मशीनपाशी. "अहो, जरा टेका कुठेतरी, मला गरगरतं," काकू म्हणायच्या. काका "हो हो" म्हणत पुढची फेरी सुरू करायचे.

कल्याणजवळच्या मोहने गावातल्या एका कारखान्यातून त्यांनी वेळेआधी निवृत्ती घेतली होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांना फुकट वाटल्या जाणाऱ्या, कुणीही उघडून सुधारावं अशा सॉफ्टवेअरचं वेड लागलं. त्याची माहितीपुस्तकं मात्र रुक्ष. नियम ढीगभर, उदाहरण एक नाही. "पोहायचं कसं ते सांगतात, पाण्यात कुणी उतरवत नाही," काका चिडून म्हणायचे. मग आम्हा आठ-दहा जणांना जमवून त्यांनी उदाहरणांचा साठा करायला घेतला. चार-पाच ओळींचे प्रोग्रॅम, म्हणजे आमच्या भाषेत तुकडे; म्हणून ते तुकडेकाका. रविवारी सकाळी प्रत्येकाने एक तुकडा आणायचा आणि हवे तितके फ्लॉपीवर घेऊन जायचं. महिन्यातून एकदा मी ठाण्याच्या माझ्या ऑफिसातून त्यातले निवडक दोन-चार तुकडे माहितीपुस्तक लिहिणाऱ्या परदेशी मंडळींना ईमेलने पाठवत असे.

साठ्याचा नियम एकच. आपल्या मशीनवर तुकडा चालला, तर तो चालला असं धरायचं नाही. दुसऱ्या मशीनवर चालवायचा आणि छापील कागदाच्या तळाशी हाताने लिहायचं: कुणी चालवला, कुठल्या मशीनवर. "स्वतःच्या घरात अंधारातही कुणी ठेचकाळत नाही," काका म्हणायचे. "दुसऱ्याच्या घरात चालून दाखवा." सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की सगळे तुकडे पुन्हा पहिल्यापासून. आमच्यातला विठ्ठलवाडीचा शशी एकदा वैतागला. "काका, चालतंय ना बिनधास्त? मग परत कशाला हात लावायचा?"

"काल चाललं रे. आज विचारलंस का त्याला?"

मला हे सगळं अतीच वाटायचं. मी नोकरीत कॉम्प्युटरवरच काम करायचे, त्यामुळे अंगात थोडी मिजासही होती. एका शुक्रवारी मी नको असलेल्या फायली साफ करणारा तुकडा लिहिला. पहिली ओळ 'तात्पुरत्या' नावाच्या फोल्डरमध्ये जाते, दुसरी तिथलं सगळं पुसते. माझ्या मशीनवर छान चालला. दुसऱ्या मशीनवर एक साहेब चिकटून बसले होते आणि मला घरी जायची घाई. मी कागदाखाली लिहून टाकलं: 'ऑफिसातलं दुसरं मशीन'. न चालवता.

रविवारी काही जणांनी तो माझ्या फ्लॉपीवरून उतरवून घेतला आणि मग काकांनी आमच्यासमोर चालवला. त्यांच्याकडे त्या नावाचं फोल्डरच नव्हतं. पहिली ओळ फसली, दुसरी मात्र आज्ञाधारकपणे ते मशीनवर ज्या फोल्डरमध्ये उभे होते तिथलंच सगळं पुसून गेली. आणि ते उभे होते साठ्याच्या फोल्डरमध्ये. दोन वर्षांचं काम गेलं. उरल्या जुन्या अर्धवट फ्लॉप्या आणि कागद.

"दोन मशीनवर चाललेलं माझ्याकडेच कसं फसेल? मीच काहीतरी भलतं दाबलं," काका म्हणाले. मी गप्प बसले. सोमवारी ऑफिसात त्या दुसऱ्या मशीनवर तुकडा चालवला, तेव्हा माझ्या एका बिनकामाच्या फोल्डरचा असाच फडशा पडला. चूक कुणाची ते कळलं, तरी मी गप्पच.

पुढचे दोन रविवार आम्ही कागदांवरून तुकडे पुन्हा टाइप करत होतो. काका मात्र कीबोर्डला हात लावेनात. फेऱ्या वाढल्या होत्या. चालता चालता स्वतःचीच बोटं डोळ्यांसमोर धरून बघायचे. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही. साठा आता तुम्ही सांभाळा. मी यातून बाहेर."

मला राहवेना. "काका, तुमचा हात चुकला नाही. तो तुकडा मी दुसऱ्या मशीनवर चालवलाच नव्हता. खोटं लिहिलं."

काका गॅलरीत गेले, परत आले. "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं.

"म्हणजे मी बरोबर दाबलं होतं?"

"हो."

आणि ते खुर्चीत बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसतही होते. मला तेव्हा चार शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जरा वेळाने उठून त्यांनी माझा कागद समोर ठेवला. "ती ओळ खोड. तुकडा दुरुस्त कर. आणि आज न आलेल्यांपैकी हा ज्यांनी ज्यांनी नेलाय त्यांच्या घरी जाऊन सांग. फोनवर नाही, समोर उभी राहून." मी कल्याणला गेले, मोहन्याला गेले, शशीच्या आईच्या हातचा चहा खाली मान घालून प्यायले. दुरुस्त तुकडा फोल्डर सापडलं नाही की तिथेच थांबायचा. शशीने तो चालवून कागदावर आपलं नाव लिहिलं आणि परदेशच्या माहितीपुस्तकात तो छापूनही आला. खोडलेल्या ओळीखाली, मी स्वतः दुसऱ्या मशीनवर चालवून लिहायची ती माझी ओळ मात्र रिकामीच राहिली. काकांनी कधी विचारलं नाही, आणि तिथे पेन टेकवायचं माझं धाडस झालं नाही.

शतक संपायच्या सुमारास काका गेले. उभ्याउभ्याच, गॅलरीत. तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. "ते कागद तू घेऊन जा गं, मला त्यातलं काय कळतंय?" मशीन इस्त्रीच्या टेबलावर तसंच होतं. फाइलीत माझा कागद सापडला. शशीच्या नावाखाली काकांच्या अक्षरात ओळी होत्या, दर नव्या आवृत्तीची एक. माझी रिकामी ओळ मात्र त्यांनी प्रत्येक वेळी तशीच ठेवली होती.

मी मशीन सुरू केलं. खुर्ची होती, पण उभीच राहिले. तुकडा एकेक अक्षर टाइप केला आणि चालवला. फोल्डर नाही, असं सांगून तो थांबला. सगळं जागच्या जागी होतं.

"चाललं का गं?" काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"चाललं, काकू," मी म्हणाले, आणि रिकाम्या ओळीत माझं नाव लिहून पुढे लिहिलं: 'काकांचं मशीन'.