शामरावांचं पोड

मी हिरव्या रंगात ब्रश बुडवला की पाठीमागून हमखास आवाज यायचा, "याच्याखाली कोणाची ज्वारी त नाही ना गाडून राह्यला बे?"

हा आवाज मोजणीदार शामरावांचा. यवतमाळच्या एका कचेरीत मी नकाशे उतरवून त्यांत रंग भरायचो. हिरवं म्हणजे जंगल, पिवळं म्हणजे वहिती. शामराव साखळी घेऊन रानोमाळ हिंडायचे आणि परतले की माझ्या टेबलाशी उभे राहून कुरकुर करायचे. बुटके, काटक, अंगात उन्हाने विटलेला कोट. माणूस तिरसट. साहेबाची चूक साहेबाच्या तोंडावर काढायचे आणि चहा पाजला तर तो गुळचट आहे म्हणायचे. मला ते फार आवडायचे.

तो काळच खोडाखोडीचा होता. छप्पन साली आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलो आणि साठ साली महाराष्ट्रात. दोन्ही वेळी नकाशांचे मथळे मी ब्लेडने खरवडले आणि नवे लिहिले. राज्याबरोबर कायदे बदलले, कायद्याबरोबर रंग. काल ज्या रानात गुरं चरायची ते आज राखीव. गावांची नावंही धड राहिली नव्हती. शामराव नाव विचारायचं तर बाईमाणसाला विचारत. "गडी कागदावरचं नाव सांगते," ते म्हणायचे. "बाई पाण्याले जाते, लाकडाले जाते. तिच्या तोंडातलं नाव खरं." एका तांड्याचं नाव जुन्या नकाशावर कधीच्या मेलेल्या नाईकाचं होतं. विहिरीवरच्या म्हातारीने नवं सांगितलं. शामरावांनी दोन्ही लिहिली आणि साहेबांनी नवं खोडलं. त्यावरून ते आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत.

पांढरकवड्याच्या पलीकडे डोंगरात कोलामांची एक वस्ती होती. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. तिथे राखीव जंगलाची नवी हद्द पडायची होती. नांदती वस्ती असेल तर तिची वावरं हद्दीबाहेर ठेवायची, असा हुकूम होता. शामरावांनी झोपड्या मोजल्या, भोवतालची वावरं मोजली, सगळं नकाशावर घेतलं. साहेबांनी येऊन खात्री करायची तेवढी बाकी होती.

मधल्या हिवाळ्यात पोडात गोवर आला आणि लेकरं गेली. मरणाचा असा फेरा आला की त्या लोकांची रीत जागा सोडायची. सगळं पोड उठलं आणि नाल्यापलीकडे, ऐन जंगलात, नव्या झोपड्या घालून बसलं. वावरं ते जुनीच करत होते. पण नकाशावरचं पोड रिकामं झालं.

शामराव मला घेऊन लेतू नाईकाकडे गेले. लेतू पोडाचा प्रमुख, शामरावांच्याच वयाचा.

"नाईक, एकच दिवस. सायेब येऊन जाऊ दे. तवरोक जुन्या झोपड्यायत बसा."

"तिथं नाही सायेब," लेतू म्हणाला. "तिथं आता आमची लेकरं राह्यते."

"अरे, वावर जाईन ना!"

"वावर गेलं त हात हायेत. तिथं बसलो त राह्यलेलेबी जातीन."

शामराव ओरडले, मग विनवण्या केल्या. शेवटी डोक्यावरची टोपी काढून त्यांनी लेतूच्या पायांशी ठेवली. लेतूने ती उचलून, झटकून परत दिली.

तपासणीच्या दिवशी ते भल्या पहाटेच एकटे निघून गेले होते. मी साहेबांबरोबर जीपमध्ये. वळणावरूनच झोपड्यांवर धूर दिसला. "वस्ती आहे की!" साहेब म्हणाले. लेतू विरघळला असं वाटून मला हायसं झालं. वाटेवरच्या पहिल्याच झोपडीत साहेब वाकून डोकावले. चूल थंड होती, राखेत गवत उगवलेलं, कुडाला वाळवी. पुढच्या झोपड्यांत चुली पेटलेल्या, पण माणूस नाही. अगदी शेवटच्या झोपडीत शामराव गुडघे टेकून चूल फुंकत होते. डोळे लालभडक.

"शामराव, माणसं कुठं आहेत?"

"वावरात गेले, सायेब."

जन्मात कधी खोटी रेघ न मारलेला माणूस खोटं बोलला, आणि तेही असं की पोरालासुद्धा पटू नये.

साहेबांनी नकाशावर 'उजाड' लिहिलं. वावरं जंगलात गेली. नाल्यापलीकडचं पोड अतिक्रमण ठरलं आणि उन्हाळ्यात मोडलं गेलं. लेतूची माणसं कुठे पांगली ते कोणाला सांगता आलं नाही. शामरावांची नोकरी गेली. कचेरीत बरेच दिवस हसणं चाललं होतं. एवढ्या चुली पेटवल्या आणि समोरचंच घर विसरला! मलाही ते कोडंच होतं.

काही वर्षांनी दारव्ह्याला त्यांच्या घरी गेलो. दम्याने पार खंगले होते. ती आमची शेवटचीच भेट; पुढे थोड्याच दिवसांत ते वारले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर मी भीत भीत विचारलंच, की पहिल्या झोपडीतली चूल काहून सोडली.

त्यांनी वर आढ्याकडे पाहिलं.

"अगुदर थ्याच घरात गेलतो, बापू. काडीबी ओढली होती. वर पाह्यलं त झोळी बांधून होती. म्हटलं, इथं नको. धूर लेकराच्या डोयात जाईन."