पाटावरचे दोन शिकंजे

वडिलांची दोन आसनी जुनी विलायती गाडी सातपूरला आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये कैक वर्षं उभी होती. तिला छप्पर नव्हतं, त्यामुळे सांगाड्याचा भार दारांखालच्या पोकळ लोखंडी पट्ट्यांवर असे. उजवी पट्टी इतकी गंजली होती की पाना टेकवला तरी आत जाई. वडिलांचा गुडघा धड वाकत नव्हता. दार पूर्ण उघडलं तरच त्यांना स्टिअरिंगमागे बसता येणार होतं. गाडी एकदा स्वतः चालवायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

काम दादाने घेतलं. तो कारखान्यात वेल्डर होता. त्याने गाडी पुढच्या आणि मागच्या चाकांपाशी लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर चढवली, उजवं दार काढलं आणि मोकळ्या चौकटीत एक लोखंडी अँगल आडवा घालून दोन शिकंज्यांनी आवळला. पट्टी कापल्यावर गाडी मध्ये खचू नये म्हणून हा आधार. मग त्याने गंजलेली पट्टी कापून काढली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

नवमीला सकाळी दादा कारखान्यातल्या यंत्रपूजेला गेला. वडिलांनी शेडमध्ये पाट मांडला. ग्राइंडर, हातोड्या, पाने, वेल्डिंगचा होल्डर, सगळं त्यावर आलं.

"ते दोन शिकंजे राहिले."

"ते गाडीला लावलेत, बाबा."

"आज हत्यार कामावर नसतं. आण इकडं."

मी शिकंजे सोडवले, अँगल निघून आला. त्यांना हळदकुंकू लागलं, वर झेंडूचं एकेक फूल. गाडी दसऱ्यापर्यंत तशीच उभी राहिली. पूजा उचलल्यावर मी अँगल परत बसवायला गेलो. तो किंचित लांब वाटला. दोन ठोके दिले, बसला. दादाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंय असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दादाने चार संध्याकाळी वेल्डिंग केलं. नवा जाड पत्रा, आतून मजबुतीला दुसरा, वर गंजरोधक तांबडा रंग. पाचव्या दिवशी दार लावलं. ते बंदच होईना. वरचा कोपरा चौकटीवर आदळत होता. चौकट वरून बोटभर अरुंद झाली होती.

"हात गेला तुझा," वडील म्हणाले. "आता टोप्या शिव."

दादा हसला नाही. त्याने वहीतली मापं पुन्हा काढली, टेप धरला, पुन्हा धरला. दोन दिवस तो हेच करत होता.

वर्तमानपत्रात मी तेव्हा अपघातांच्या बातम्या लिहीत असे. कारण पहिल्या परिच्छेदात द्यायचं, हा तिथला नियम. घरी मला ते द्यायला दोन दिवस लागले.

शिकंजे नवमीला मी सोडवले होते आणि गाडी तेव्हाच खचली असणार, हे दादाने ऐकून घेतलं. मग तो वडिलांकडे वळला. "शिकंजा हत्यार आहे का हो?"

"मग काय दागिना?" वडील म्हणाले. ते दाराच्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, "परत कापता येईल?"

"कापलं तर दारामागचा खांब हातात येईल. तिथला जुना पत्रा कागद झालाय. दुसरं वेल्डिंग त्याला सोसणार नाही."

उजवं दार कानशीने घासून कसंबसं चौकटीत दाबून बसवलं. ते परत उघडलं नाही. डावं दार मात्र उत्तम उघडत होतं, पण तिथून गिअरचा दांडा ओलांडून स्टिअरिंगमागे जाणं वडिलांच्या गुडघ्याला झेपणारं नव्हतं.

दिवाळीच्या आधी एका रविवारी दादा दारावरून पाय टाकून स्टिअरिंगमागे बसला. वडिलांना आम्ही डावीकडून बसवलं. मी मोटारसायकलवर मागे होतो. गंगापूर धरणापर्यंत गाडी नीट गेली, कुठे कुरकुरलीही नाही.

परतल्यावर मी डावं दार उघडलं. वडिलांच्या उजव्या पायाखालचं रबरी पायपुसणं एका बाजूला गोळा झालं होतं. तिथे ब्रेक नव्हता. तरी वाटभर ते तो दाबत आले होते.