बॅगेतलं हळकुंड

आमच्या लॉजवर काळी जादू चालते, असं कोलकात्याच्या एका मॅडमनी रिव्ह्यूमध्ये लिहिलं होतं. सोबत फोटो. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात मूठभर तांदूळ आणि त्यात हाडाचा तुकडा. मी फोटो मोठा करून पाहिला. हाड नव्हतं, हळकुंड होतं.

मी लोणारला, सरोवराजवळच्या एका लॉजचा मॅनेजर. रिव्ह्यू म्हणजे गेस्टनं वेबसाइटवर भरलेलं आमचं प्रगतिपुस्तक. पाठोपाठ हैदराबाद आणि दिल्लीच्या गेस्टनीही तेच लिहिलं. चोरी झाली तर काय करायचं हे मला ठाऊक आहे. इथे काहीच गेलं नव्हतं, उलट भर पडली होती. अशी तक्रार कुठल्या ठाण्यात देणार?

पहिला संशय उंदरांवर. मेहकरहून पेस्ट कंट्रोलवाला बोलावला. त्यानं सगळ्या खोल्या पाहिल्या आणि मलाच विचारलं, उंदीर तांदूळ खाईन, पण हळकुंड कायले नेईन थो? आमच्या आचाऱ्यानं थेट लवणासुराचं नाव घेतलं. विष्णूनं इथे गाडलेल्या राक्षसाला आता पर्यटकांच्या बॅगा भरण्याचं काम लागलं म्हणायचं. मला हसू आलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला आणि ते गेलं.

साहेब म्हणजे आमचे रीजनल मॅनेजर, नागपूरला बसतात. खोल्यांत हाउसकीपिंगचं कोण जातं, त्यांनी विचारलं. एकटी विमलबाई, मी म्हटलं.

"मग तिला काढा. मी रविवारी येतोय, त्याआधी."

लॉज उघडल्यापासून विमलबाई चादरी बदलतेय. घर तिच्याच पगारावर चालतं. गेस्टनं विसरलेली कानातली रिंगसुद्धा तिनं कधी स्वतःकडे ठेवली नाही. तिला काढायचं म्हटल्यावर मला जेवण गोड लागेना.

बायकोनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तिनं भाकरी उलटता उलटता विचारलं, "तक्रार करनाऱ्यात मराठी बाई हाये का एक तरी?"

"नाही."

"अन् गडीमानसायच्या बॅगेत निंघालं का कधी?"

"नाही."

ती हसायलाच लागली. "तुमची कोनं ओटी भरली असती, तं समजलं असतं तुमाले."

माझी ट्यूब तेव्हा पेटली. मराठी बायकांच्या बॅगेतही ते निघतच असणार. त्यांनी डोळ्यांना लावून ठेवून दिलं असेल. तक्रार कशाची करतील?

दुसऱ्या दिवशी विमलबाईला विचारलं. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. पूर्वी ती निघणाऱ्या बायकांची दारातच ओटी भरायची. मग हेड ऑफिसचा नियम आला, गेस्टकडून काही घ्यायचं नाही आणि गेस्टच्या हातात काही द्यायचं नाही.

"हातात कोठी देल्लं म्या?" ती म्हणाली. "बाहेरच्या खिशात टाकलं. लेकीबाळी आपल्या दारातून खाली हातानं कशा जाऊ द्याव्या?"

साहेब आले की हे सगळं त्यांना सांगायचं मी ठरवलं.

रविवारी साहेब आले, सरोवर बघायला म्हणून बायकोलाही घेऊन आले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम, निघताना मीच सांगतो तिला. विमलबाईच्या कानावर ते गेलंच. दोघं निघायला लागले तर ही दारात तबक घेऊन उभी. मी हळूच दटावलं.

"नौकरी जाऊनच राह्यली," ती म्हणाली, "तं आता नियम कायले पाळू?"

साहेबांच्या बायकोनं पर्स नवऱ्याकडे दिली आणि ओढणी पसरली. विमलबाईनं नारळ ठेवला, तांदूळ घातले, कुंकू लावलं. त्या बाईंचे डोळे भरून आले.

"आई गेल्यापासून कुणी भरलीच नव्हती," त्या म्हणाल्या.

साहेब लाल पर्स धरून उभे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग विमलबाईकडे.

"त्या नियमाचं बघतो मी," ते मला म्हणाले आणि गाडीत बसले.

विमलबाई आता दारातच ओटी भरते. बाहेरच्या राज्यातले गेस्ट असले की मी शेजारी उभा राहून इंग्रजीत समजावतो. या धंद्यात मी एक शिकलो. तक्रार आली, की ज्यांनी ती केली नाही त्यांनाही विचारावं. आणि त्याच्या आधी बायकोला विचारावं, पेस्ट कंट्रोलचा खर्च वाचतो.