मायच्या विरजणाचं कापड

आमच्या कॉलेजात परिषद भरली तेव्हा मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. उष्णता, कोरडेपणा, खारट माती अशा अडचणींत सूक्ष्मजीव काय करतात, कसे तगतात, हा परिषदेचा विषय. बाहेरगावचे मोठे शास्त्रज्ञ येणार म्हणून भिंतींना रंग लागला होता, आणि प्रयोगशाळेतल्या कायम कोरड्या नळाला चक्क पाणी यायला लागलं होतं.

त्यात माझं एक पोस्टर होतं. ते मायच्या विरजणावर होतं.

आमचं गाव युसूफ वडगावच्या पलीकडं. दसरा झाला की माय आणि माझे वडील, दादा, ऊसतोडीला जायचे आणि मी चुलतीकडं राहायचे. निघायच्या आधी माय एक काम न चुकता करायची. जुन्या धोतराचा हातभर तुकडा उकळत्या पाण्यातून काढायची, दह्यात बुडवायची, वाळला की घडी घालून डब्यात ठेवायची. ट्रकचा प्रवास, मग राहायला उसाच्या पाचटाची कोपी उभी करण्यात गेलेले दिवस. दूध कधी मिळेल याचा नेम नाही. मिळालं की त्यात त्या कापडाची एक चिंधी टाकायची. सकाळी घट्ट दही. शेजारच्या कोप्यांतल्या बाया वाट्या घेऊन तिच्याकडंच यायच्या.

पहिल्या वर्षाला वर्गात एकदा मॅडम सांगत होत्या, "पाणी गेलं की बहुतेक जिवाणू मरतात." मी हात वर केला. "मॅडम, माझ्या आईचे मरत नाहीत."

सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घेऊन ये."

त्या वर्षी जाताना मायनं मला एक तुकडा ठेवला. त्यातले जिवाणू मी वेगळे केले, वाढवले, स्वच्छ कापडावर लावून ओव्हनमध्ये वाळवले आणि किती जगले ते मोजलं. जगायचे, पण अगदी थोडे. मायच्या कापडावर मात्र कित्येक महिन्यांनंतरही भरपूर सापडायचे. चूक माझ्याच हाताची असणार असं मी धरून चालले. पोस्टरच्या कोपऱ्यात 'अधिक अभ्यास आवश्यक' असं लिहून टाकलं.

परिषदेच्या दहा दिवस आधी घात झाला. सुट्टीत फ्रीज बंद पडला आणि माझ्या जिवाणूंच्या सगळ्या नळ्यांत काळी-हिरवी बुरशी चढली. पोस्टरशेजारी जिवंत जिवाणूंच्या बशा ठेवायच्या होत्या. मायनं दिलेला तुकडा तर कधीच संपला होता. मी फोन लावला. माय तेव्हा कोल्हापूरकडं उसाच्या फडात होती.

"माय, विरजणाचं कापड शिल्लक हाय का?"

"हाय की. कावून? तिथं दही न्हाई का मिळत?"

"दह्यासाठी नाही गं. मोठी माणसं बघायला येणारेत."

"कापड बघाया?"

"कापडातले जीव."

मग माय म्हणाली, "मीच घिऊन येते. डायवरच्या हातात दिलं तर त्यो गाडी पुसंल त्यानं."

आणि ती खरंच आली. तीन एसट्या बदलून, मांडीवर स्टीलचा डबा धरून. "मुकादमाला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"पोरीला बघायचंय म्हणलं. त्यात काय खोटं हाय?"

पुढचे तीन दिवस ती माझ्याबरोबर हॉस्टेलवर राहिली. बशांत पांढऱ्या ठिपक्यांच्या वसाहती उगवल्या तेव्हा मी तिला दाखवायला प्रयोगशाळेत नेलं. तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढ्याशा जिवासाठी एवढी मोठी खोली!" पण निघताना दोनदा मागं वळून बघितलं.

परिषदेच्या दिवशी ती हिरवं लुगडं नेसून हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसली. समोरच्या फलकाकडं बोट करून विचारलं, "काय लिवलंय?"

"ताणाखालचे सूक्ष्मजीव," मी अर्थ सांगितला.

"ताण म्हंजे मोसंबीला देत्यात तसला? पानी तोडून?"

"तसलाच."

"मग कळलं." त्यानंतर इंग्रजीतली दोन भाषणं तिनं शांतपणे ऐकली. तिसऱ्याला डुलकी लागली.

दुपारी पोस्टरं बघायला एक म्हातारे शास्त्रज्ञ आले. चष्मा कपाळावर, पाठ थोडी वाकलेली. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली, माझी धडपड बघून मराठीत आले. "कापडावर इतके जगतात आणि तुझ्या ओव्हनमध्ये इतके कमी. असं का?"

"माहीत नाही, सर."

"कापड वाळवतं कोण?"

"आई. ती काय, तिथं बसलीय."

ते सरळ तिच्याकडं चालू लागले. आता माय काय बोलेल, लोक हसतील का, हेच माझ्या डोक्यात. त्यांनी हात जोडून विचारलं, "बाई, हे कापड तुम्ही कसं वाळवता?"

माय उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि माझ्याकडं बघितलं.

"सांग की," मी म्हणाले.

"उन्हात न्हाई वाळवायचं. सावलीत, वाऱ्याला. आन आधी दह्यात गुळाचं पानी कालवायचं, जरासं. मंग कापड बुडवायचं."

"गूळ?" मी जवळजवळ ओरडलेच. "तू कधी सांगितलं नाहीस!"

"तू कवा इचारलंस?"

सर मोठ्यानं हसले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. पेशीतलं पाणी निघून जातं तेव्हा साखर तिथं आधार देते, पेशीचं आवरण फाटू देत नाही. आणि हळूहळू वाळलं की जिवाणूला तयारीला वेळ मिळतो, असं त्यांनी तिला सांगितलं. माय मान हलवत ऐकत होती. गूळ घालायला कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं.

"सासूनं. ती म्हनायची, लांबच्या गावाला कुनाला उपाशीपोटी धाडू न्हाई."

मी बाजूला उभी होते. वर्षभर मी तिचं कापड कापलं, भिजवलं, सूक्ष्मदर्शकाखाली घातलं. ते करणाऱ्या बाईला मात्र एक प्रश्न विचारला नव्हता. मला लाज वाटली. पण सरांशी बोलता बोलता हातवारे करणारी माय बघून ती लाज फार वेळ टिकलीही नाही. फडातल्या बायांशी बोलावं तशी ती मोकळी बोलत होती. मॅडम येऊन उभ्या राहिल्या, मागोमाग चार मुली वह्या घेऊन आल्या, आणि गूळ किती, दही किती, हे माय त्यांना चिमटीनं दाखवत राहिली.

पोस्टरचं बक्षीस मला मिळालं नाही. ते खारट मातीवरच्या पोस्टरला गेलं, आणि ते काम खरोखर चांगलं होतं. सरांनी जाताना एवढंच सांगितलं, "आई म्हणते तसं पुन्हा कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी माय परत निघाली. दादा एकटे पडले होते. स्टँडवर तिनं मला जवळ घेतलं नाही, आमच्यात तशी रीत नाही. फक्त माझ्या ओढणीचं टोक नीट केलं आणि गाडीत चढली.

पुढचा महिना मी गुळाचं पाणी कालवून सावलीत कापडं वाळवली. पहिल्या बशा काढल्या तर वसाहती एवढ्या दाट की मोजताच येईनात. नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावावा लागला. मी प्रयोगशाळेच्या पायरीवर येऊन फोन लावला.

"माय, जगले गं! लई जगले!"

"मंग जगत्यालच की," ती म्हणाली. मागं कुणीतरी मोळी बांधायला हाक मारत होतं. "तू जेवलीस का?"